आपोआप भरून येणारा रस्ता

४ फेब्रुवारी

आज रस्ता झाला. तीनशे मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, गोदामांच्या मागच्या बाजूचा. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. ट्रक आणि कुत्री, एवढीच त्याची वर्दळ. पण कार्यालयाच्या कागदावर त्याला आता 'प्रायोगिक पट्टा' म्हणतात आणि 'जबाबदार अभियंता' या रकान्यात माझी सही आहे. आमच्या घरातली कागदावरची पहिली सही, जिच्याखाली पदवी लिहिली आहे.

सकाळी सहाला डांबराच्या प्लांटवर पोचले. खडी तापवणारा ड्रम गरगरत होता. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकायचा, तो वितळून खड्याखड्यावर पातळ थर चढतो, मग वरून डांबर. चुरा कचराडेपोतला: पिशव्या, वेष्टनं, दुधाच्या थैल्या, आणि थोडा जुन्या टायरांचा भुगा. पुस्तकात डांबराच्या आठ टक्के सांगितलंय. मी बारा केलं. साहेबांना टिपण लिहून पटवलं की तेवढ्याने किलोमीटरमागे आणखी जवळजवळ अर्धा टन कचरा रस्त्याच्या पोटात जाईल. साहेब म्हणाले, "तरुण रक्त!" आणि सही केली.

प्लांट चालवणाऱ्यांना सगळे भट्टीमामा म्हणतात. बाबांचे तीस वर्षांचे दोस्त. त्यांनी मापाचं भांडं हातात धरून माझ्याकडे बघितलं. "इंजिनीअरबाई, चहात साखर जास्त झाली की पहिला घोट छान लागतो."

"मामा, हा चहा नाही."

"तेच म्हणतोय. चहा ओतून टाकता येतो."

संध्याकाळी बाबा काम सुटल्यावर तसेच आले. ते रस्ते विभागात मैलकुली आहेत. ठरावीक मैलांच्या रस्त्याचे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, साचलेल्या पाण्याला वाट करून द्यायची. सात जणांची टोळी, त्यात बाबा सगळ्यांत जुने. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ते दाखवायचे: "खड्डा वेडावाकडा असतो, पण ठिगळ चौकोनीच लावायचं. कडा सरळ कापल्याशिवाय नवा माल जुन्याला धरत नाही." त्यांची ठिगळं मी लांबून ओळखते, आईची शिवण ओळखावी तशी.

बाबा उकिडवे बसले, गरम रस्त्यावरून तळहात फिरवला. "चमक कमी वाटते."

"प्लास्टिकमुळे तसं दिसतं, बाबा."

"असेल."

मग उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाचही बोटं केसांना चिकटली. आई अजून खोबरेल लावून केस सोडवतेय आणि बडबडतेय.

१ मार्च

पहिली मोजणी. दर महिन्याच्या एक तारखेला वही घेऊन पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, असं मीच ठरवलंय. खड्डे शून्य. सुटलेली खडी चार-दोन ठिकाणी, चिमूटभर. नव्या रस्त्यावर असतेच.

दहा महिने असंच राहिलं तर या मिश्रणाने चाळीस किलोमीटरचा बाहेरचा रस्ता होणार आहे. साहेबांनी शब्द दिलाय.

२२ मार्च

रविवार. उठले तर बाबा घरात नाहीत. आई म्हणाली, भट्टीकडे गेलेत गप्पा मारायला. नऊ वाजता आले ते घामाने निथळत, पँटला डांबर. मी चिडले. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा? या वयात? तुमच्या पाठीचं काय ठरलंय डॉक्टरांशी?"

"भट्टीला जरा हात लावला गं. उरलेला माल खरवडायचा होता."

आई मध्येच म्हणाली, "तिला चहा द्या आणि गप्प करा." मला राग आला. आई हल्ली माझ्याशी तुसडेपणाने बोलते. मी शिकले ते तिला हवं होतं, पण शिकलेली मुलगी घरात वावरते ते तिला जड जातंय असं वाटतं.

बाबांनी पाय धुता धुता विचारलं, "तुझी मोजणी एक तारखेलाच ना? आधी नाही जात कधी?"

"नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"बरोबर," म्हणाले.

१ एप्रिल

खड्डे शून्य! सुटलेली खडीसुद्धा नाही, मागच्या महिन्यापेक्षा रस्ता चांगला. काही ठिकाणी रंग जास्त काळा दिसतो, वेडेवाकडे डाग पडल्यासारखा. उन्हाने डांबर वर येत असावं. डागांवर धूळही एकसारखी बसलेली, म्हणजे ताजं काही नाही. नोंद केली.

१७ एप्रिल

बाबांची पाठ धरली. पहाटे अंगणातच खाली बसले, उठता येईना. डॉक्टरांनी तीन आठवडे पलंग सांगितला. पलंगापेक्षा त्यांना दुसरंच काहीतरी टोचतंय. सारखं "भट्टीला बोलव" चाललंय. मामा आले, दोघं कुजबुजले. मामा जाताना म्हणत होते, "अरे, माझा एक खांदा निकामी, मी एकटा ते धुम्मस कसं उचलणार?" धुम्मस म्हणजे खडी ठोकून बसवायचं लोखंडी वजन. ते आता कशाला हवंय यांना? दोन म्हातारे मिळून काय उद्योग करतात देव जाणे.

१ मे

चौदा खड्डे.

दोनदा मोजले. पाण्याच्या टाकीजवळचा तर तीन इंच खोल. आत बोट घातलं तर खडी वाळूसारखी हातात आली. तिथेच कडेला बसून रडले. एका ट्रकवाल्याने गाडी हळू केली आणि विचारलं, "ताई, काही हरवलंय का?"

वहीत चौदा लिहिले. खोटं लिहिणार नाही.

घरी बाबा छताकडे बघत पडले होते. "किती?"

"चौदा."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "ट्रक वाढलेत तिकडे. तुझा दोष नाही."

मला त्यांनी समजूत काढलेली नको होती. बाहेर येऊन भांडी घासली.

१ जून

खड्डे शून्य.

चौदाच्या चौदा भरून आलेत. मी नकाशावर प्रत्येकाची जागा लिहिली होती, त्या जागेवर जाऊन उभी राहिले. काळी, घट्ट, सपाट जमीन. कार्यालयात विचारलं, त्या पट्ट्यावर दुरुस्तीचा हुकूम कोणी काढला का? कोणीच नाही. तो पट्टा कुठल्याच टोळीच्या वाट्याला नाही, प्रयोगासाठी मुद्दाम वगळलाय. भट्टीमामांना विचारलं तर ते खो खो हसले आणि मग खोकतच राहिले.

एका लेखात वाचलं होतं की काही डांबरं उन्हाने मऊ होऊन भेगा स्वतः मिटवतात. मे महिन्यात ऊन किती होतं! प्लास्टिक आणि रबर मऊ झालं, चाकांच्या दाबाने पसरलं, खड्डे भरले. दुसरं काय असणार?

रात्रीच्या जेवणाला सांगितलं. बाबा आता बसून जेवतात, दोन आठवड्यांपासून चालायलाही लागलेत.

"बाबा, रस्ता आपोआप भरून येतो."

घास हातातच राहिला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मोजलंय मी. चौदाचे शून्य."

त्यांनी आईकडे बघितलं. आईने ताटाकडे बघितलं. "लिहिलंस का तसं कुठे?" बाबांनी विचारलं.

"आजच साहेबांना टिपण दिलं."

मग बाबा म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तू म्हणतेस तर असेल."

आई ताट घेऊन उठली. मोरीत तिने ते जरा जोरातच आपटलं.

४ जून

साहेबांनी टिपण तीनदा वाचलं. "आपोआप भरतो? याला चांगला शब्द हवा." मी म्हटलं, स्वयंभरण. साहेबांनी तो शब्द तोंडात घोळवला आणि शिपायाला माझ्यासाठी चहा आणायला सांगितला. या कार्यालयात मला मिळालेला पहिला चहा.

१ सप्टेंबर

शून्य. सलग चौथा महिना. काळे डाग वाढत चाललेत, आता जवळजवळ सगळा पट्टा एकसारखा काळाभोर दिसतो. अहवालासाठी फोटो काढले.

बाबा फार थकलेले दिसतात. रविवारीही पहाटे फिरायला जातात. पाठीला चालणं चांगलं, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे.

२० नोव्हेंबर

अहवाल सादर झाला. छत्तीस पानं. शेवटच्या पानावर निष्कर्ष: "मिश्रणात स्वयंभरणाचा गुण आढळतो. देखभालीची गरज: शून्य." माझी सही.

घरी प्रत आणली. बाबांनी हात पुसून घेतले आणि मगच ती धरली. पहिल्या पानावरचं माझं नाव बोटाने वाचलं. मी त्यांना निष्कर्ष वाचून दाखवला. "देखभालीची गरज शून्य," ते हळूच म्हणाले, जणू पत्ता पाठ करत होते.

"खूष आहात ना?"

"तू खूष आहेस ना? मग झालं."

१६ डिसेंबर

चाळीस किलोमीटर मंजूर झाले. त्याच कागदाला दुसरा कागद टाचलेला होता. नव्या रस्त्यांना देखभाल लागत नसल्याने मैलकुलींची पदं रद्द. या विभागातली सातही. मार्चअखेर.

बाबा तसेही मार्चमध्येच निवृत्त होतात, त्यांचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला दिवसभर सांगत होते. पण टोळीतल्या एकाची मुलगी अजून पाचवीत आहे. दुसऱ्याने मागच्या महिन्यातच घर बांधायला काढलंय. मी त्यांच्या मांडीवर बसून डबे खाल्लेत.

साहेबांना म्हटलं, त्यांना दुसरीकडे सामावून घ्या. ते म्हणाले, "तुमच्याच अहवालावर निर्णय झालाय. आता तुम्हीच उलट बोलणार?"

प्रगतीची किंमत कोणीतरी मोजतंच, असं कुठेतरी वाचलं होतं. वाचताना पटलं होतं.

बाबांना सांगितलं. ते अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथेच उभे होते.

२८ डिसेंबर

साहेबांना पट्ट्याचा एक तुकडा काचेच्या पेटीत घालून दालनात ठेवायचाय, पाहुण्यांना दाखवायला. म्हणून आज यंत्राने रस्त्याच्या मधोमध गोल तुकडा कापला. एक जास्तीचा कापून प्रयोगशाळेत नेला. द्रावणात बुडवला की डांबर विरघळतं, प्लास्टिक विरघळत नाही. खड्यांवर पापुद्र्यासारखं राहतं. तो पापुद्रा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

खडी स्वच्छ निघाली. नदीतून वेचून आणल्यासारखी. एकाही खड्यावर प्लास्टिकचा अंश नाही.

आणखी तीन ठिकाणचे तुकडे काढले. तेच.

३० डिसेंबर

झोप नाही. एकच अर्थ लागतो. त्या दिवशी प्लास्टिक टाकलंच गेलं नाही. मी मापाचं भांडं भरलेलं पाहिलं, पण ड्रमपाशी पूर्णवेळ उभी नव्हते. भट्टीमामांना बारा टक्के पटलं नव्हतंच. साधं डांबर टाकून मोकळे झाले असतील.

थेट विचारलं, "मामा, प्लास्टिक टाकलं होतंत का?"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "तुझ्या डोळ्यांसमोर."

"मग तुकड्यात का नाही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "बापाला विचार" असं काहीतरी पुटपुटले आणि मग घाईने म्हणाले, "म्हणजे, बापाला विचार, मी कधी खोटं बोललोय का ते."

मैत्री मध्ये आणायची, हे मला अजिबात आवडलं नाही. लेखी तक्रार दिली. ओळखीच्या माणसाला सूट दिली तर माझ्या शिक्षणाचा उपयोग काय?

६ जानेवारी

भट्टीमामांना कामावरून काढलं. प्लांटच्या ठेकेदाराने चौकशीसुद्धा केली नाही. मामांनीही आपल्या बाजूने एक शब्द काढला नाही म्हणे.

घरी सांगितलं. आईच्या हातात कणीक होती. ती तशाच हातांनी माझ्यासमोर आली.

"म्हाताऱ्याच्या पोटावर पाय दिलास."

"त्याने फसवलं, आई."

"फसवलं? फसवलं?" तिने बाबांकडे वळून बघितलं. "आता तुम्ही सांगता की मी सांगू? दहा महिने माझं तोंड शिवून ठेवलंत. पोरीचं मन मोडेल, पोरीचं मन मोडेल. दुसऱ्याची चूल विझली तरी पोरीचं मन शाबूत पाहिजे का?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

७ जानेवारी

उजाडताना पट्ट्यावर पोचलो. बाबा पुढे, मी मागे. ते टाचेने जागा दाखवत चालले.

"हे मार्चातलं. हे एप्रिलच्या सुरुवातीचं. हे चौदा, मी पडलो होतो तेव्हाचे, उठल्यावर दोन रविवारांत भरले. इथून टाकीपर्यंत सगळं जुलै-ऑगस्टचं. भट्टी उरलेला साधा माल ठेवायचा माझ्यासाठी. गाड्यावर घालून आणायचो."

"मला दिसलं कसं नाही?"

"चौकोनी कापलं असतं तर दिसलं असतं." ते थांबले. "वेडंवाकडं कापलं. वरून धूळ चोळली. चाळीस वर्षांत असं घाणेरडं काम केलं नव्हतं."

शेवटी गोदामाच्या भिंतीलगत एक पट्टी राहिली होती, जिथे चाक कधी पोचत नाही. बाबांनी पावलांनी मोजली. अकरा मीटर. "एवढा तुझा आहे. बाकीचा माझा."

मी खाली बसून नखाने टोकरलं. खडी सुटली. खड्यावर प्लास्टिकचा जाड, सुरकुतलेला थर, आणि डांबराला धरायला जागाच उरलेली नाही. बारा टक्के.

"बाबा, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"कोरडं वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पुस्तक वाचून केलेलं. मी कशावरून बोलू?" मग म्हणाले, "मला वाटलं, नवीन आहेस, पहिलं काम आहे. एकदा उभी राहिलीस की पुढचं नीट करशील. सगळेच पहिलं काम बिघडवतात. तू असं काही लिहिशील हे मला कसं कळणार?"

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकत उभे होते. मालकासमोर उभे राहतात तसे.

९ जानेवारी

साहेबांना सगळं सांगितलं. लेखी, चार पानं: बारा टक्के माझी चूक, दुरुस्ती वडिलांची, स्वयंभरण असं काही नाही. आठ टक्क्यांवर या, पदं रद्द करू नका, प्लांटवरच्या माणसाला परत घ्या.

साहेबांनी पानं वाचली आणि अगदी प्रेमाने माझ्याकडे सरकवली. "वडील मैलकुली ना? मैलकुलीने खड्डे बुजवले, यात नवल काय? भावनेच्या भरात माणूस काहीही लिहितो. तुमच्याकडे वही आहे, तारीखवार आकडे आहेत. ते खोटे आहेत का?"

"आकडे खरे आहेत, पण..."

"मग झालं तर. स्वयंभरण हा शब्द आता खूप वर गेलाय. तिथून तो खाली आणणारा मी कोण आणि तुम्ही कोण?"

"निदान प्रमाण तरी कमी करा."

"बारा टक्क्यांवर ठेका निघालाय."

मी पानं आवक विभागात टाकली आणि पोच घेतली. पोच माझ्याकडे आहे. एवढंच माझ्याकडे आहे.

१८ जानेवारी

भट्टीमामांच्या घरी गेले. दारातच भेटले. आता बाजारात पोती उतरवतात, त्या निकामी खांद्याने.

"मामा, चुकलं माझं."

"माहीत आहे."

"तुम्ही सांगायचं होतंत."

"त्याला शब्द दिला होता. तुझ्या बापाला." ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "तू मला एकदा नीट विचारलं असतंस तरी कदाचित मोडला असता. तू विचारलं नाहीस, पोरी. तू तपासणी केलीस."

आत ये म्हणाले नाहीत. मीही थांबले नाही.

३१ मार्च

टोळी संपली. सातही जणांनी हत्यारं भांडारात जमा केली. भांडारवाल्याने प्रत्येक फावडं उलटसुलट करून पाहिलं. ज्याची मुलगी पाचवीत आहे तो म्हणाला, "बाईसाहेब, येतो." आयुष्यभर मला बाळ म्हणत आलाय तो.

बाहेरच्या रस्त्याचे पहिले सहा किलोमीटर याच आठवड्यात वाहतुकीला खुले झाले. त्यांची मोजणी माझ्याकडे दिली आहे. राजीनामा लिहिला होता. मग वाटलं, मी गेले तर खरे आकडे कोण लिहील? फाडला.

२० एप्रिल

सहा किलोमीटरमध्ये एकतीस खड्डे. सकाळीच कळवले आणि दुरुस्ती मागितली. उत्तर संध्याकाळी आलं: "सदर मिश्रणात स्वयंभरणाचा गुण असल्याने खड्डा आढळल्यापासून तीस दिवस प्रतीक्षा करावी. या काळात दुरुस्ती करू नये." संदर्भ म्हणून खाली माझ्या अहवालाचं पान.

मला हसू आलं. एकटीच हसत होते, प्रयोगशाळेतला माणूस डोकावून गेला.

५ मे

बाबांना नव्या रस्त्यावरच्या, नाल्याच्या मोरीजवळच्या खड्ड्याचं कोणीतरी सांगितलं. पाटभर रुंद झालाय, उतारावर आहे. सकाळी बघते तर बाबांनी शेजाऱ्यांकडून फावडं आणलंय, कुठून तरी डांबराचा अर्धा डबा, आणि पायात बूट घालताहेत.

मी दारात उभी राहिले. "जाऊ नका."

"एकच भरतो. उतारावर आहे."

"बाबा, तुम्ही भरलात की ते म्हणतील, बघा, भरला आपोआप. मग उरलेले चौतीस किलोमीटरसुद्धा असेच होतील. हे खड्डे राहू द्या. राहिले तरच कोणाला तरी कळेल."

मैलकुलीच्या मुलीने बापाला खड्डे बुजवू नका म्हणायचं. आई आतून ऐकत होती.

"आणि कोणी पडलं तर?" बाबांनी विचारलं.

मी दारातून हलले नाही. बाबा परत पायरीवर बसले. बूट काढले नाहीत.

साहेबांकडे जाऊन लाल फडकं बांधलेली काठी तरी रोवायची परवानगी मागितली. तोंडी मिळाली. दुपारी रोवून आले, संध्याकाळी ट्रकने उडवली होती.

९ मे

मोरीजवळ एक बाई स्कूटरवरून पडली. मुलाला शिकवणीला सोडून परत येत होती. उजवं मनगट मोडलं, जबड्याला टाके. मुलगा गाडीवर नव्हता, असं सगळे म्हणतात, जणू त्याने काही भागतं.

बाबांनी फक्त विचारलं, "मोरीजवळचा?"

"हो."

ते दुपारी जेवले नाहीत. आई त्यांच्या शेजारी बसून राहिली. मला कोणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२० मे

तिसावा दिवस. पहाटेपासून सहाच्या सहा किलोमीटर पायी चालले. एकतीसचे अठ्ठ्याऐंशी झालेत. प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली लिहिली. 'स्वयंभरण' या रकान्यात अठ्ठ्याऐंशी वेळा लिहिलं: आढळले नाही. अपघाताची नोंद जोडली. फोटो जोडले. अकरा वाजता स्वतः नेऊन दिलं आणि बाकावर बसून उत्तराची वाट बघितली.

साडेचारला शिपाई कागद घेऊन आला. तीन ओळी. खड्ड्यांची संख्या लक्षात घेता मिश्रणाला पुरेसा अवधी मिळालेला दिसत नाही. प्रतीक्षेची मुदत आणखी तीस दिवसांनी वाढवण्यात येत आहे. या काळात दुरुस्ती करू नये.

घरी आले तेव्हा बाबा पायरीवर होते. पायात बूट, बाजूला फावडं. आज उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं.

"आलं का?"

कागद पिशवीत होता. मी म्हटलं, "अजून नाही. उद्या येईल."

"बरं," म्हणाले, आणि मला आत जायला जागा करून दिली.